ज्वारीत साखर नसते, मग रक्तात येते कुठून?

वाचकाचं पत्र: माझ्या यजमानांना (वय 54) चार वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. सहा महिन्यांपूर्वी आम्ही घरातला गहू पूर्ण बंद केला. पूर्वी ते दर जेवणाला तीन चपात्या खायचे, आता दोन ज्वारीच्या भाकऱ्या खातात. चहात साखरेऐवजी गूळ, सकाळी नाचणीचं सत्त्व, गुरुवारी उपासाला साबुदाणा किंवा भगर, रात्री थोडा भात. एवढं करूनही जेवणानंतरची साखर पूर्वी 198 होती, ती परवा 224 निघाली. घरच्याच मशीनवर तपासली. सासूबाई म्हणतात ज्वारीत साखरच नसते. मग ही येते कुठून? एका नातेवाइकांनी दुप्पट भावाचा ‘शुगर फ्री गहू’ सुचवलाय, तो घ्यावा का? मुलगा म्हणतो, भात गार करून खा. नक्की काय करू? — एक वाचक, बार्शी

ताई,

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. ज्वारीच्या वाळलेल्या दाण्यात जिभेला गोड लागणारी साखर शंभर ग्रॅममागे एक-दोन ग्रॅमच असते. पण त्याच शंभर ग्रॅममध्ये चोथा (न पचणारा तंतुमय भाग, फायबर) वगळून सुमारे 68 ग्रॅम कर्बोदकं असतात, आणि ती जवळजवळ सगळी स्टार्चच्या रूपात. स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे रेणू एकमेकांना जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्या. लाळेतलं आणि नंतर लहान आतड्यातलं अमायलेज त्या तोडतं, आणि आतड्याच्या अस्तरावरची एन्झाइम्स उरलेल्या तुकड्यांचं सुटं ग्लुकोज करतात. तुटताना प्रत्येक जोडाला पाण्याचा एक रेणू लागतो, म्हणून 100 ग्रॅम स्टार्च पूर्ण पचला तर 111 ग्रॅम ग्लुकोज तयार होतं. भाकरीचा कोरडा तुकडा मिनिटभर चावत राहिलं की तो गोडसर लागू लागतो, ती याच कामाची सुरुवात. तेव्हा पदार्थ गोड आहे का, हा प्रश्न मधुमेहात पुरत नाही. त्यात पचणारं कर्बोदक एकूण किती आणि ते किती झपाट्याने तुटतं, हे दोन प्रश्न विचारावे लागतात.

पहिल्याचं उत्तर आकड्यात देता येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार 100 ग्रॅममध्ये, चोथा वगळून, कर्बोदकं साधारण अशी: बाजरी 62 ग्रॅम, गव्हाची कणीक 64, नाचणी 67, ज्वारी 68, मैदा 74, पॉलिश केलेला तांदूळ 78. चोथा बाजरी, कणीक आणि नाचणीत 11 ग्रॅमच्या आसपास, ज्वारीत 10, मैदा आणि तांदळात जेमतेम 3. म्हणजे न चाळलेली कणीक आणि ज्वारीचं पीठ या बाबतीत शेजारी-शेजारीच बसतात. भरड धान्यांचं जे कौतुक होतं ते खोटं नाही, पण ते मैदा आणि पांढऱ्या तांदळाशी तुलना केल्यावर उठून दिसतं. तुम्ही मैदा सोडला नव्हता, कणीक सोडली होती.

आता तुमच्या पत्रातली खरी महत्त्वाची ओळ: पूर्वी तीन चपात्या, आता दोन भाकऱ्या. तीनाच्या दोन झाल्या म्हणून जेवण कमी झालं असं वाटतं. घरची मध्यम चपाती साधारण 30 ग्रॅम कणकेची होते. तीन चपात्या म्हणजे 90 ग्रॅम कणीक, म्हणजे सुमारे 58 ग्रॅम कर्बोदकं. तुमच्या भागातली ताटाएवढी भाकरी 80 ग्रॅम पिठाची सहज असते, मग ती कितीही पातळ थापलेली असो. दोन भाकऱ्या म्हणजे 160 ग्रॅम पीठ आणि जवळपास 108 ग्रॅम कर्बोदकं. धान्य बदललं, आणि त्या नादात एका जेवणातलं पीठ पावणेदोन पटीच्याही वर गेलं. ज्वारीकडून अपेक्षित असलेला थोडाफार फायदा एवढ्या पिठापुढे टिकत नाही.

हे माझे अंदाजाचे आकडे झाले, तुमच्या भाकरीचं माप तुम्हीच काढा. काटा नसला तरी जमतं. दुकानातून वजन करून आणलेलं एक किलो पीठ वेगळ्या डब्यात काढा. परातीत मळायला आणि वर लावायलाही त्यातलंच घ्या, आणि ते संपेपर्यंत किती भाकऱ्या झाल्या ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडत जा. एक हजाराला त्या संख्येने भागलं की एका भाकरीचं पीठ ग्रॅममध्ये मिळतं. बारा झाल्या तर 83 ग्रॅम, सोळा झाल्या तर 62. तयार भाकरी काट्यावर ठेवून मोजू नका. तिच्यात पाणी असतं आणि ते तव्यावर किती उडालं त्यावर वजन बदलतं. नेहमी कोरडं पीठ मोजायचं.

एका जेवणाला किती, हे त्यांचं वजन, काम आणि औषधं पाहून डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ठरवतील. तोवर निदान पूर्वीच्या पातळीवर या: 60 ग्रॅम पिठाची एक भाकरी (41 ग्रॅम कर्बोदकं) आणि तिच्या जोडीला वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण. भूक उसळीने आणि भाजीने भागवायची, दुसऱ्या भाकरीने नाही. पण हा बदल उद्याच सुरू करू नका. त्याआधी औषधांबद्दल खाली लिहिलंय ते वाचा.

तुमच्या 198 आणि 224 बद्दलही सांगायला हवं. घरच्या ग्लुकोमीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक 100 च्या वरच्या आकड्यांना 15 टक्के इकडेतिकडे चालवून घेतं. 198 चे 15 टक्के म्हणजे जवळपास 30. त्यामुळे या दोन आकड्यांवरून साखर वाढली असंही छातीठोक म्हणता येत नाही. सहा महिन्यांच्या पथ्याने ती उतरली नाही, एवढंच म्हणता येतं. शिवाय बोट साबणाने धुऊन कोरडं केलं होतं का? गुळाचा किंवा फळाचा चिकट हात नुसता पुसून थेंब काढला तर आकडा खोटाच वर जातो.

मग ज्वारी सोडायची का? मुळीच नाही. तुमच्या भागातली रब्बीची मालदांडी चवीला आणि भाकरीला उत्तम आहे. ज्वारीत काफिरिन नावाचं प्रथिन असतं. ओल्या उष्णतेत ते आपापसांत घट्ट गुंततं आणि स्टार्चच्या कणांभोवती जाळं धरतं, त्यामुळे अमायलेजला आत शिरायला वेळ लागतो. हा फायदा टिकवायचा तर पीठ मैद्यासारखं मऊ दळून आणू नका. गिरणीवाल्याला थोडं जाडसर ठेवायला सांगा, आणि चाळून कोंडा टाकू नका. फार भरड झालं तर थापताना भाकरीच्या कडा फाटतात, कारण ज्वारीत गहू-मैद्यासारखं ग्लुटेन नसतं. भाकरीला धरून ठेवतो तो उकळत्या पाण्याने अर्धवट शिजलेला स्टार्च. तेव्हा पिठाला उकळतं पाणी घालून, पाच मिनिटं झाकून मग मळा. जाडसर पीठही बऱ्यापैकी धरतं.

त्याहून चांगला उपाय आपल्याच राज्यात जुना आहे: खानदेशातली कळण्याची भाकरी. चार वाटे ज्वारी आणि एक वाटा सालासकट अख्खे उडीद एकत्र दळायचे. उडदात कर्बोदकं 44 ग्रॅम, चोथा 20 आणि प्रथिनं 22 ग्रॅम असतात. या मिश्रणाच्या 100 ग्रॅम पिठात कर्बोदकं 68 वरून 63 वर येतात, चोथा 10 वरून 12 वर जातो, प्रथिनंही 10 वरून 12 च्या वर. आकडे लहान दिसतात, पण त्याच पिठात पोट लवकर भरतं. उडदाच्या चिकटपणाने थापायलाही सोपं जातं. दळायच्या आधी उडीद कडक उन्हात वाळवा किंवा हलके शेकून घ्या, नाहीतर पिठाला लवकर वास लागतो. प्रमाण एकदम वाढवू नका, भाकरी जड होते आणि घरातले खात नाहीत. यजमानांच्या मूत्रपिंडाचा काही त्रास निघालेला असेल तर उडीद-डाळी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सकाळच्या सत्त्वाकडे मात्र नीट बघा. जेवणाइतकाच गोंधळ तिथे होत असावा.

आपल्याकडे सत्त्व करताना नाचणी बारा तास भिजवतात, दिवस-दीड दिवस मोड आणतात, वाटतात, फडक्यातून गाळतात आणि तळाशी बसलेला पांढरा गाळ वाळवतात. मोड येताना दाणा स्वतःचं अमायलेज बनवतो आणि साठवलेला स्टार्च तोडू लागतो. त्यातून माल्टोज ही साखर आणि तोकड्या साखळ्या तयार होतात, म्हणून सत्त्व आपसूक गोडसर लागतं आणि शिजवल्यावर फार घट्ट होत नाही. पुढे फडक्यात कोंडा अडकतो आणि त्याबरोबर नाचणीचा बराचसा चोथाही जातो. ज्या नाचणीला चोथ्यासाठी आणि 100 ग्रॅममधल्या 364 मिलिग्रॅम कॅल्शियमसाठी घरात आणलं, तिचा सोपा स्टार्च वाटीत आणि मोलाचा भाग फडक्यात. सहा महिन्यांनंतरच्या बाळाला हे फार चांगलं, कारण थोड्या पातळ पदार्थात भरपूर ऊर्जा जाते आणि पचायला हलकं. मधुमेह असलेल्या माणसाला नेमकं उलटं हवं. 30 ग्रॅम सत्त्व, दोन चमचे गूळ आणि एक कप दूध घेतलं तर सत्त्वाचे सुमारे 25, गुळाचे 9 आणि दुधातल्या लॅक्टोजचे 9-10, असे 43-44 ग्रॅम होतात, आणि ते दोन मिनिटांत पिऊन होतात. चावायचं काहीच नाही, अडवणारं काहीच नाही.

त्याऐवजी सकाळी न गाळलेल्या नाचणीच्या पिठाची छोटी भाकरी, 40 ग्रॅमची, पालेभाजीबरोबर. आंबील आवडत असेल तर 20 ग्रॅम पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवा, मीठ-जिरं-लसूण घाला, गूळ नको. आंबवताना तयार झालेलं लॅक्टिक आम्ल स्टार्चचं पचन काहीसं मंद करतं, तरी ती पातळ पेजच आहे, म्हणून वाटीभरच.

हाच नियम पुढे लावत गेलात की घरातले पुष्कळ पदार्थ आपोआप जागेवर बसतात. धान्य जितकं जास्त दळलं, फुलवलं, चेपलं किंवा घोटलं, तितका स्टार्च उघडा पडतो. ज्वारीच्या लाह्या ज्वारीच्याच, पण फुटताना दाण्याचा सगळा स्टार्च एका क्षणात शिजून फुललेला असतो. चुरमुरे, पोहे, झटपट होणारे ओट्स यांचं तेच. राजगिऱ्याचं तर स्टार्चचे कणच अतिशय बारीक, गव्हाच्या मोठ्या कणांच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान. म्हणून लाहीचा राजगिरा पौष्टिक असूनही रक्तात लवकर उतरतो, आणि लाडवात गूळ पडतो तो वेगळाच. उलट अख्खे हरभरे, मूग, मटकी शिजल्यावरही त्यांच्या पेशींच्या भिंती बऱ्याच शाबूत राहतात आणि आतला स्टार्च कोंडलेला राहतो. शिवाय कडधान्यांच्या स्टार्चमध्ये अमायलोज जास्त असतं. या अमायलोजबद्दल भाताच्या वेळी लिहिते.

उसळी वाढवल्या की गॅसची तक्रार येईल. तीही साखरांचीच करामत आहे. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज या जातीच्या साखरा असतात. त्या तोडणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसतं, त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जीवाणू त्यांचा वायू करतात. रक्तातली साखर त्यांनी वाढत नाही. आठ-दहा तास भिजवून ते पाणी फेकून द्या आणि मोड आणा, दाणा या साखरा मोडासाठी स्वतःच वापरून टाकतो. सुरुवात अर्ध्या वाटीने करा.

गुळाचं थोडक्यात. साखर म्हणजे सुक्रोज, अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज. गुळातही मुख्यतः सुक्रोजच, थोडं सुटं ग्लुकोज-फ्रुक्टोज, काही टक्के पाणी आणि जरासे क्षार. 10 ग्रॅम साखरेत 10 ग्रॅम कर्बोदकं, 10 ग्रॅम गुळात 9. गोडी किंचित कमी म्हणून खडा मोठा पडतो आणि तो एक ग्रॅमही वाचत नाही. मधात साधारण 38 टक्के फ्रुक्टोज, 31 टक्के ग्लुकोज आणि 17 टक्के पाणी असतं. मध खाल्ल्यावर मशीनवर आकडा थोडा कमी चढतो, कारण फ्रुक्टोज ग्लुकोमीटरला दिसत नाही. ते यकृतात जातं, आणि रोज जास्त झालं तर तिथे त्याची चरबी होते. चहा बिनगोडाचा करणं हाच मार्ग. दर आठवड्याला पाव चमचा कमी करत गेलात तर महिन्या-दीड महिन्यात जीभ सरावते.

गुरुवारचा उपास. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदातून काढलेला जवळपास निव्वळ स्टार्च: 100 ग्रॅममध्ये 87-88 ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं नावालाही नाहीत, चोथा नगण्य. खिचडीची एक भरलेली प्लेट 75 ग्रॅम कोरड्या साबुदाण्याची धरली तर 66 ग्रॅम, आणि त्यातल्या बटाट्याचे वर आणखी 8-10. उपास म्हणून दोनदा खाल्ली तर तो आठवड्यातला सर्वांत कर्बोदकांचा दिवस ठरतो. भगर त्यापेक्षा बरी, तिच्यात चोथा आणि प्रथिनं आहेत, पण तिलाही माप हवंच: 40 ग्रॅम कोरडी भगर, म्हणजे 26-27 ग्रॅम कर्बोदकं. तिच्यावर दाण्याची दाट आमटी भरपूर घ्या, कारण शेंगदाण्यातली प्रथिनं आणि तेल जठर सावकाश रिकामं होऊ देतात. सोबत काकडी, ताक, आणि तुमच्याकडे उपासाला चालत असेल तर राजगिऱ्याच्या पानांची भाजी. रताळं हवं असेल तर ते भगरीच्या जागी, भगरीबरोबर नाही. भाजताना किंवा हळूहळू उकडताना रताळ्यातलं एन्झाइम स्टार्चचं माल्टोज करत राहतं, म्हणूनच भाजलेलं रताळं कच्च्याहून कितीतरी गोड लागतं.

आता भात. स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात. अमायलोज बहुतांश सरळ, अमायलोपेक्टिन फांद्या फुटलेलं. फांद्यांमुळे टोकं जास्त, मोकळीक जास्त, आणि शिजल्यावर पचनाला वाव जास्त. तांदळाची जात बदलली की हे प्रमाण बदलतं. ज्यात अमायलोज कमी तो भात मऊ, चिकट होतो, इंद्रायणी आणि आंबेमोहोर या बाजूला झुकणारे. ज्यात जास्त तो मोकळा होतो आणि गार झाल्यावर दाणा ताठरतो. घरी तांदूळ पारखायची हीच खूण: निवल्यावर मऊच राहिला तर लवकर पचणारा, कडक झाला तर तुलनेने सावकाश. कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ तुसासकट वाफवून मग वाळवलेला असतो, त्यात स्टार्च एकदा शिजून पुन्हा घट्ट बसलेला असतो. बार्शीत मिळाला तर रात्रीच्या भातासाठी तो बघा.

मुलगा सांगतो त्यामागेही हेच आहे. शिजवलेला भात थंड होताना अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात आणि त्यातला थोडा भाग अमायलेजला तुटेनासा होतो. पांढऱ्या भातावरच्या 2015 च्या एका अभ्यासात ताज्या भातात असा न पचणारा स्टार्च 100 ग्रॅममागे 0.64 ग्रॅम होता. 24 तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केल्यावर तो 1.65 झाला, आणि खाणाऱ्यांच्या रक्तातली साखरही ताज्या भातापेक्षा कमी वाढली. म्हणजे उपाय खरा आहे, पण त्याची झेप बघा: एका वाटीत साधारण 30 ग्रॅम कर्बोदकं, त्यातला एखादा ग्रॅम न पचणारा झाला. गार केलाय म्हणून वाटीच्या दोन वाट्या झाल्या तर सगळं वाया. आणि एक धोका आहे. भातातल्या बॅसिलस सेरिअस या जीवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात ओट्यावर तासन्‌तास राहिला की ते वाढून विष तयार करतात, जे पुन्हा गरम करून जात नाही. तेव्हा भात पसरट भांड्यात काढून तासाभरात फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशीच संपवायचा, वाफ निघेपर्यंत गरम करून. जिथे दुपारभर वीज जाते तिथे हा प्रयोग नकोच.

‘शुगर फ्री गहू’ घेऊ नका. ज्या गव्हात स्टार्च नाही असा गहू नसतो. विकणाऱ्याला एकच विचारा: 100 ग्रॅममध्ये कर्बोदकं आणि चोथा किती? लेखी आकडा नसेल तर विषय संपला. खपली गहू ही खरी, जुनी जात आहे आणि पोळ्यांना आवडत असेल तर जरूर आणा, पण त्यातही 60 च्या पुढेच कर्बोदकं असतात आणि ग्लुटेनही असतं. त्यालाही मापाचा नियम सुटत नाही. पाकिटावरचं ‘शुगर फ्री’ हे वेगळं प्रकरण आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे 100 ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तर तसं छापता येतं. पण बिस्किटातला मैदा साखर म्हणून मोजला जात नाही, आणि माल्टोडेक्स्ट्रिनही नाही. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे तोडून तोकडा केलेला स्टार्च, रक्तात जवळपास ग्लुकोजच्या वेगाने जातो. पाकीट उलटं करून ‘टोटल कार्बोहायड्रेट’ची ओळ वाचा, ‘शुगर’ची नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, मैदा पहिला असेल तर उत्तर मिळालं.

औषधांबद्दल. जेवणातली कर्बोदकं 108 वरून एकदम 55-60 वर आणायच्या आधी डॉक्टरांना फोन करा आणि हेच आकडे सांगा. गोळ्यांत ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड असेल किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्रा जुन्या जेवणाला धरून ठरलेली आहे. जेवण निम्मं झालं आणि मात्रा तीच राहिली तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ. तेव्हा 15 ग्रॅम ग्लुकोज द्यायचं आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. गोळीच्या पट्टीवर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलंय का, तेही आजच बघा. ही औषधं सुक्रोज आणि स्टार्च तोडणारी आतड्यातली एन्झाइम्सच अडवतात. अशा वेळी साखर, गूळ, बिस्किट दिलं तर ते वेळेत तुटत नाही आणि साखर वर येत नाही. सुटं ग्लुकोजच लागतं. औषधाच्या दुकानातून साधी ग्लुकोज पावडर आणा, काट्यावर एकदा 15 ग्रॅम मोजून ते घरातल्या कोणत्या चमच्याचे किती सपाट चमचे होतात ते डब्यावर चिकटवा. तो डबा सासूबाईंनाही दाखवून ठेवा.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर घरी मोजणी अशी करा. एकाच वेळचं जेवण निवडा, समजा दुपारचं. आधीचे तीन दिवस आत्ताचंच जेवण, दोन भाकऱ्यांचं. पुढचे तीन दिवस 60 ग्रॅमची एकच भाकरी, भाजी तीच आणि वाटीभर उसळ. सकाळचा नाश्ता, चहा आणि गोळीची वेळ या सहा दिवसांत बदलायची नाही. साखर जेवायच्या आधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी एकदा. ‘जेवण झाल्यावर दोन तास’ नाही, घास घेतल्यापासून. प्रत्येक दिवशीची वाढ, म्हणजे दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करून, वहीत लिहा. एकेका आकड्याकडे बघू नका, तीन दिवसांच्या वाढीची सरासरी काढा. त्यानंतरच दुसरा बदल करायचा: कोशिंबीर आणि उसळ आधी, भाकरी शेवटी, आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं. पुन्हा तीन दिवस. सत्त्व बंद केल्याचा परिणाम बघायचा असेल तर त्यासाठी सकाळची वेगळी मोजणी. सगळं एकाच आठवड्यात बदललं तर कशाने काय झालं ते कळणार नाही. पट्ट्या महाग आहेत, म्हणून रोज चारदा तपासत बसायची गरज नाही.

या वहीबरोबर एचबीए1सीची तपासणी तीन महिन्यांनी करा. ती आधीच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे नवं माप सुरू करून पंधरा दिवसांत केलेली तपासणी अजून जुन्याच भाकऱ्यांचा हिशेब सांगेल.